परभाषाशिक्षकाची साक्ष आणि तिचे वाचन

परभाषा शिकविणाऱ्या शिक्षकाला स्वतःच्या व्यावसायिक प्रशिक्षणाविषयी काय वाटते, हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेत बऱ्याच उशिरा आला. प्रशिक्षण देणाऱ्यांनी ठरवावे आणि घेणाऱ्यांनी घ्यावे, अशीच रीत फार काळपर्यंत होती. वैद्य जसा काढ्याविषयी रोग्याचे मत विचारीत नाही, तसेच हे. गेल्या चाळीसएक वर्षांत मात्र चित्र पालटले. शिक्षक काय जाणतो, काय मानतो आणि वर्गात उभा राहिल्यावर कशाच्या आधारे निर्णय घेतो, यांचा अभ्यास ही भाषाशिक्षणशास्त्राची एक स्वतंत्र शाखाच झाली, आणि शिक्षकांच्या मुलाखती, प्रश्नावल्या व दैनंदिन्या हे तिचे साहित्य ठरले. आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांतही या विषयाची आता रेलचेल दिसते. त्या सर्व साहित्याचा आढावा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. शिक्षकाने दिलेली साक्ष वाचावी कशी, एवढ्याच प्रश्नाचे परीक्षण येथे करावयाचे आहे. आणि ते मुंबईतील शीव कोळीवाडा या वस्तीत उभे राहून करावयाचे आहे, कारण ‘परभाषा’ हा शब्दच तेथे डळमळू लागतो.

प्रथम साक्षीचे स्वरूप पाहू. देश कोणताही असो आणि शिकविण्याची भाषा कोणतीही असो, शिक्षक सामान्यतः एकच गोष्ट सांगतात. सिद्धान्ताच्या तासांचा उपयोग झाला नाही, सराव पाठांचा थोडाफार झाला, आणि खरे शिकलो ते नोकरी लागल्यानंतरच. या उत्तरावरून संशोधक जो निष्कर्ष काढतात तोही ठरून गेलेला आहे. सिद्धान्त कमी करावा, प्रत्यक्षाला अधिक वेळ द्यावा, शाळेतील मुक्काम वाढवावा. वरवर पाहता या अनुमानात वावगे काही नाही. साक्षीदार विश्वासू आहेत, संख्येने पुष्कळ आहेत, आणि त्यांचे एकमत आहे. परंतु ज्या साक्षीदारांचे एकमत इतके सुबक असते, त्यांना प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता हे पाहण्याची सवय न्यायालयाप्रमाणे संशोधनालाही असावयास हवी.

मायकेल वॉलेस यांचा ‘ट्रेनिंग फॉरिन लँग्वेज टीचर्स’ हा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. या क्षेत्रातील चर्चा अद्यापही ज्या परिभाषेत चालते, ती रूढ करण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. वॉलेस यांनी प्रशिक्षणाचे तीन नमुने सांगितले. पहिला कारागिरीचा. यात मुरलेल्या गुरूजवळ बसून, त्याचे पाहून शिकावे. दुसरा उपयोजित विज्ञानाचा. यात शास्त्राने सिद्ध केलेले निष्कर्ष वरून खाली यावेत आणि शिक्षकाने ते अमलात आणावेत. तिसरा चिंतनशील. यात बाहेरून मिळालेले ज्ञान आणि अनुभवातून आलेले ज्ञान या दोहोंना शिक्षकाने आपल्या कामात एकत्र आणावे, केलेल्या कामावर विचार करावा, आणि त्या विचारातून पुढील काम सुधारावे. वॉलेस यांचा कल अर्थातच तिसऱ्याकडे आहे. शिक्षकाच्या अनुभवाला त्यांनी ज्ञानाचा दर्जा दिला, हे त्यांचे श्रेय निःसंशय होय. आमच्या मते त्यांच्या मांडणीतील उणीव अन्यत्र आहे. बाहेरून मिळालेल्या ज्ञानाचे त्यांनी एकच गाठोडे बांधले. शिक्षणाचे तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र, अध्यापनपद्धतींविषयीचे मतवाद, आणि जी भाषा शिकवावयाची तिचे व ज्यांना शिकवावयाची त्यांच्या भाषेचे वर्णन, या तीन गोष्टी एका गाठोड्यात राहू शकत नाहीत. पहिली दूरची आहे, दुसरी दर वीस वर्षांनी बदलते, आणि तिसरी शिक्षकाला रोज सकाळी पहिल्या तासाला लागते. ‘सिद्धान्ताचा उपयोग झाला नाही’ असे शिक्षक म्हणतो तेव्हा त्याचे बोट यांपैकी कशाकडे आहे, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

याखेरीज साक्षीत आणखी एक गुंता आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात दाखवून दिले की, शिक्षकी हा असा व्यवसाय आहे ज्याची उमेदवारी माणूस व्यवसायात शिरण्यापूर्वीच करून बसलेला असतो. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याने शिक्षकांच्या समोर सुमारे १३,००० तास काढलेले असतात. शिकविणे कसे दिसते हे तो इतक्या तासांत पाहतो, पण शिक्षकाच्या मनात काय चालले आहे हे त्यास दिसत नाही. नाटक पाहून पाहून नट होऊ पाहणाऱ्यासारखी ही निरीक्षणातील उमेदवारी होय. परिणामी उपयुक्त कशास म्हणावे याचे माप शिक्षकाजवळ प्रशिक्षणाच्या आधीच तयार असते, आणि प्रशिक्षण त्या मापाने मोजले जाते. आपल्याकडे इंग्रजीच्या शिक्षकांच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांवर वाढल्या. पुढे त्यांना अध्यापक महाविद्यालयात भाषांतर टाळून शिकवावयास सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी परीक्षेत तसे लिहिले, सराव पाठात तसे केले, आणि नोकरीत पाऊल ठेवताच पुन्हा भाषांतराचा आश्रय घेतला. त्यास अडाणीपणा म्हणण्याचे कारण नाही. तेरा हजार तासांच्या तुलनेत बी.एड.चे तास ते किती!

आता मराठीत ही साक्ष कोणत्या शब्दांत दिली जाते ते पाहावे. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबणे क्रमप्राप्त आहे, आणि प्रश्नावलीवर विसंबणाऱ्या संशोधनात नेमके हेच निसटते. आपला शिक्षक ‘मी अध्यापन शिकलो’ असे कधीही म्हणत नाही. तो ‘मी बी.एड. केले’ असे म्हणतो. यात्रा करावी, व्रत करावे, तसे बी.एड. करावयाचे असते, आणि केले की ते संपते. सेवेत असताना जे प्रशिक्षण मिळते त्याचे क्रियापद तर याहून बोलके आहे. ‘मला ट्रेनिंग लागले आहे’ असे शिक्षक सांगतो. जनगणनेचे काम लागते, निवडणुकीची ड्यूटी लागते, तसेच ट्रेनिंग लागते. ‘लागणे’ हे क्रियापद मराठीत कर्त्यास चतुर्थीत ढकलते. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो. या सर्व ठिकाणी मनुष्य करणारा नसतो, त्याच्या वाट्यास काहीतरी येते. (नोकरीही लागतेच, आणि ती लागावी म्हणून नवस बोलले जातात, तेव्हा या क्रियापदात नेहमी गाऱ्हाणेच असते असे नव्हे.) ‘तुम्हास प्रशिक्षणाविषयी काय वाटते?’ या औपचारिक प्रश्नाला पाच पर्यायांपैकी ‘बहुतांशी समाधानकारक’ असे उत्तर देणारा शिक्षक शिक्षककक्षात सहकाऱ्यास ‘मंगळवारपासून ट्रेनिंग लागले’ असे सांगत असेल, तर या दोन साक्षींपैकी कोणती ग्राह्य धरावी? आमच्या मते दुसरी. पहिली साक्ष छापील नमुन्याने मागितली म्हणून दिली गेली. दुसरी मागितलेली नव्हती.

येथवर जे म्हटले ते कोणत्याही शिक्षकास लागू पडेल. परभाषाशिक्षकाची अडचण निराळी आहे, आणि ती पाहण्यासाठी शीव कोळीवाड्यात यावयास हवे.

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेटाची उत्तर सीमा येथे होती, आणि शीवच्या टेकडीवरील किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात तेथे बांधला तो याच कारणाने. या सीमेवरील कोळीवाडा ही मूळची कोळ्यांची वस्ती. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातून व सरहद्दीकडून आलेल्या निर्वासितांस येथील लष्करी बराकींत आसरा देण्यात आला आणि कालांतराने तेथे त्यांची वसाहत उभी राहिली. गुरू तेगबहादुर नगर हे नाव त्या वसाहतीमुळे पडले, आणि हार्बर मार्गावरील कोळीवाडा या स्थानकानेही पुढे तेच नाव घेतले. अँटॉप हिलच्या केंद्रीय कर्मचारी वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे बदलीवर येतात व जातात. जवळच धारावी, तेथील व माटुंग्याकडील तमिळ भाषकांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. शिवाय उत्तरेकडून आलेले हिंदी, भोजपुरी आणि उर्दू बोलणारे. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शाळा चालविते, त्याचे कारण अशा वस्त्यांत फिरल्यावाचून कळत नाही.

अशा वस्तीत परभाषा कोणती आणि कोणाची? पाठ्यक्रमाने पाडलेले प्रथम, द्वितीय व तृतीय भाषेचे कप्पे शाळेच्या माध्यमावर आधारलेले आहेत, मुलाच्या घरावर नव्हेत. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला. त्यामुळे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतही मराठीचा शिक्षक नेमला गेला, आणि ज्याला आयुष्यभर आपण मातृभाषेचे शिक्षक आहोत असे वाटत होते तो एका शैक्षणिक वर्षात परभाषेचा शिक्षक झाला. त्याच्या पदवीपत्रावर त्याची नोंद कोठेही नाही.

वर्गात त्याच्यापुढे काय असते ते थोडे तपशिलाने पाहू, कारण प्रस्तुत विषयाचे मर्म या तपशिलातच आहे. एकाच बाकावर तमिळ, पंजाबी, उत्तर भारतीय आणि कोळी अशी चार मुले बसली आहेत असे समजा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद शिकवावयाचा आहे. ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि त्यास सामील करून घेणारे ‘आपण’ हा भेद हिंदीत नाही आणि पंजाबीतही नाही. तेथे ‘हम’ व ‘असीं’ यांवर भागते. तमिळमध्ये मात्र ‘नाङ्गळ’ आणि ‘नाम’ असा तंतोतंत हाच भेद आहे. म्हणजे ज्याची भाषा मराठीहून वेगळ्या कुळातील, त्या मुलास हा पाठ शिकविण्याची गरजच नाही, आणि ज्यांच्या भाषा मराठीच्या सख्ख्या बहिणी त्यांच्यासाठी तो कष्टाने शिकवावा लागतो. ‘मला हे आवडते’ या वाक्याचेही तसेच. अनुभवणारा चतुर्थीत ठेवण्याची रचना तमिळ मुलास घरची आहे.

भूतकाळाकडे वळलो की पारडे फिरते. ‘त्याने चित्र काढले’ या वाक्यात क्रियापद चित्रामागे जाते. तमिळमध्ये क्रियापद सदैव कर्त्यामागे जात असल्याने तमिळ मूल ‘तो चित्र काढला’ असे म्हणते. हिंदी भाषक मुलास कर्माप्रमाणे चालणारे क्रियापद परिचयाचे आहे. पण हिंदीत ‘मैंने’ आहे म्हणून ते ‘मीने चित्र काढले’ असे लिहिते. मराठीत प्रथम व द्वितीय पुरुषी ‘ने’ लागत नाही, ही गोष्ट पंजाबीशी जुळते; ‘मैं किताब पढ़ी’ या पंजाबी वाक्यातही ‘ने’ नाही. घरात पंजाबी बोलणाऱ्या मुलास ‘मी पुस्तक वाचले’ हे सोपे जावे. मात्र शीव कोळीवाड्यातील तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या घरांतून पंजाबी किती उरली आहे, हा निराळा प्रश्न आहे. आजी-आजोबा पंजाबी, आई-वडील दोन्ही, आणि मुले मुंबईची हिंदी, असा क्रम अनेक घरांत दिसतो. आडनावावरून मुलाची भाषा ठरविणारा शिक्षक येथे फसेल.

नपुंसकलिंग हिंदी व पंजाबी मुलांस छळते. टेबलाला लिंग असते ही कल्पनाच तमिळ मुलास चमत्कारिक वाटते, कारण त्याच्या भाषेत लिंगभेद प्रायः माणसांपुरता आहे. महाप्राण आणि घोष व्यंजने तमिळ लिपीत वेगळी लिहिली जात नाहीत, म्हणून ‘भाजी’ व ‘बाजी’ यांत त्याची गल्लत होते. परंतु ‘ळ’ त्यास जन्मतः येतो. पंजाबी उच्चारातही तो आहे. तो नाही प्रमाण हिंदीत. आणि (येथे शिक्षक चकित होतो) तो नाही पुष्कळ कोळी घरांत. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी-आगरी बोलींत ‘ण’ चा ‘न’ होतो, आणि ‘ळ’ च्या जागी बहुधा ‘ल’ येतो. पाणी हे ‘पानी’, डोळा हा ‘डोला’. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, म्हणजे १९०५ मध्येच, कोळी बोलीस मराठीच्या बोलींत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. पण सर्वेक्षणात मिळालेले स्थान वर्गात मिळत नाही. शाळेच्या नोंदवहीत या मुलाची मातृभाषा मराठी, म्हणून त्याच्या ‘पानी’ला माफी नाही. हिंदी मुलाने ‘पानी’ लिहिले तर ते परभाषक म्हणून सांभाळून घेतले जाते. या वस्तीचे नाव ज्यांच्यावरून पडले त्यांच्या मुलाने लिहिले तर तो निष्काळजीपणा ठरतो. शिक्षकाची लाल शाई दोन्ही ठिकाणी सारखीच उमटते, शेरा मात्र वेगळा असतो, आणि मुलाच्या शाळेतील भवितव्यावर परिणाम शेऱ्याचा होतो.

आता या शिक्षकाच्या प्रशिक्षणाकडे पाहा. हर्बार्टची पंचपदी त्याने पाठ केली. सूक्ष्म अध्यापनात प्रस्तावना, प्रश्न विचारणे व फलकलेखन अशी एकेक कौशल्ये पाच-सहा मिनिटांच्या तुकड्यांत घोटली. आशययुक्त अध्यापनाच्या नावाखाली पाठ्यपुस्तकातील आशयाचे विश्लेषण केले. गद्य, पद्य आणि व्याकरण यांची पाठ टाचणे लिहिली. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील मुक्काम वाढला. परंतु मराठीच्या अध्यापनपद्धतीचा सारा विचार मुलाला मराठी येते हे धरून चालतो. कवितेचे रसग्रहण कसे घडवावे हे त्यात आहे, ज्यास ‘मला’ आणि ‘मी’ यांतील फरक उमगत नाही त्याला काय द्यावे हे नाही. इंग्रजीच्या पद्धतीत परभाषेचा विचार आहे खरा. पण तेथे शिकणाऱ्याची भाषा ‘मातृभाषा’ या एका नावाने येते, आणि त्या नावामागे कोणती भाषा आहे याला महत्त्व नसते. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये दोन भाषांच्या तुलनेतून शिकणाऱ्याच्या अडचणींचे भाकीत करण्याची पद्धत मांडली. पुढे १९६७ मध्ये कॉर्डर यांनी चुका या शिकणाऱ्याच्या मनातील व्यवस्थेच्या खुणा होत असे प्रतिपादिले. ही दोन्ही नावे पुष्कळ शिक्षकांस परीक्षेपुरती ठाऊक असतात. ‘मीने’ आणि ‘तो काढला’ या दोन चुका दोन निराळ्या व्यवस्थांच्या खुणा आहेत, हे त्या नावांच्या आधारे कोणी त्यांस दाखविलेले नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ‘सिद्धान्ताचा उपयोग झाला नाही’ या साक्षीचा अर्थ सिद्धान्त नको असा लावणे चूक आहे. जो सिद्धान्त कामाचा होता तो दिलाच गेला नाही, आणि जो दिला गेला तो दूरचा होता. न वाढलेल्या पदार्थाची चव नसल्याबद्दल पंगतीत तक्रार व्हावी, आणि यजमानाने पदार्थांची संख्या कमी करावी, तसा हा प्रकार आहे. तक्रार खरी, निष्कर्ष खोटा.

यात भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचा दोष लहान नाही, आणि प्रस्तुत लेखक त्यातून सुटत नाही. काही वर्षांपूर्वी एका अध्यापक महाविद्यालयात मराठीतील दोन ‘च’ विषयी मी व्याख्यान दिले. ‘चमचा’ यातील दंततालव्य आणि ‘चिंच’ यातील तालव्य, लिपीत एकच खूण, उच्चार दोन, हा विषय माझ्या आवडीचा. सर्व नीट झाले. शेवटी एका शिक्षिकेने विचारले की, माझ्या वर्गातील हिंदी मुले सगळीकडे एकच ‘च’ म्हणतात, तर उद्या मी काय करू? मी स्वनिमाची व्याख्या दिली. त्या विनयाने खाली बसल्या. त्या दिवसाच्या प्रतिसादपत्रकात त्यांनी व्याख्यान ‘उपयुक्त’ असल्याची खूण केली असेल याविषयी मला शंका नाही. आणि ती खूण मी खरी मानली असती, तर या लेखाचे प्रयोजन उरले नसते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अध्यापक-शिक्षण हे विद्यापीठीय जीवनापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासून तुटलेले आहे असे म्हटले होते. या तीन तुटलेपणांपैकी पहिल्याचा दुसरा काठ म्हणजे आपले विभाग होत. आपण भाषेचे वर्णन केले आणि ते परस्परांस वाचून दाखविले.

वस्तुतः मराठी परभाषकांस शिकविण्याची सामग्री आपल्याकडे नाही असे नाही. ती दोनशे वर्षांची आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ चे. गणपतराव नवलकर यांचे इंग्रजीतून लिहिलेले व्याकरण १८६८ चे, आणि आजही त्यातील निरीक्षणे ताजी वाटतात. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी केलेली पाठ्यपुस्तके व १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेले संदर्भ-व्याकरण यांच्या तोडीचे काम आपल्याकडे विरळा. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने ‘माय मराठी’ हा अमराठी प्रौढांसाठीचा पाठ्यक्रम रचला; परभाषा म्हणून जर्मन शिकविण्याचा अनुभव येथे मराठीच्या कामी आला, ही गोष्ट आमच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. पाठ्यपुस्तक मंडळाची ‘सुलभभारती’ मालिकाही अन्य माध्यमांच्या मुलांसाठी आहेच. परंतु मिशनरी, गोरे अधिकारी, अमेरिकन संशोधक आणि अमराठी प्रौढ अशी ही मालिका पाहिली म्हणजे ध्यानात येते की, दूरच्यास मराठी कशी शिकवावी याचा विचार आपण पुष्कळ केला. भिंतीपलीकडच्या मुलास कशी शिकवावी याचे शिक्षण मात्र शिक्षकास दिले नाही. पुस्तक पोहोचले, तयारी पोहोचली नाही.

धोरणकर्त्यांचा रोखही असाच आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि त्यासाठी जर्मन शिकविण्याची योजना पुढे आली. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्याचा निर्णय १६ एप्रिलला निघाला आणि मोठ्या वादानंतर २९ जूनला मागे घेतला गेला. त्या वादात अस्मितेची, संघराज्याची व मुलांवरील ओझ्याची चर्चा भरपूर झाली, आणि ती व्हावयास हवी होती. सहा वर्षांच्या मुलास तिसरी भाषा शिकविणारा शिक्षक कोठे आणि कसा तयार झाला, हे विचारणारे स्वर मात्र फारच थोडे होते. निर्णय टिकला असता तर ट्रेनिंग लागले असते, एवढेच.

साक्ष कोठे बदलते, हेही पाहिले पाहिजे. २०१६ साली महाराष्ट्र शासन, ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट यांनी ‘तेजस’ हा उपक्रम हाती घेतला. त्यात इंग्रजी शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचे लहान गट नियमाने एकत्र येऊन आपल्या वर्गाविषयी बोलत. विषय वरून येण्याऐवजी काही अंशी तरी खालून येण्याची सोय तेथे होती. एन. एस. प्रभू यांनी १९९० च्या एका निबंधात सर्वश्रेष्ठ पद्धत अशी काही नसते असे म्हणून, शिक्षकाला आपल्या शिकविण्यातून शिकणे कसे घडते याची जी आतली प्रतीती असते तिला महत्त्व दिले. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील सामान्य शाळांत त्यांनी प्रयोग केला होता, म्हणून त्यांच्या म्हणण्यास वजन आहे. ही प्रतीती जिवंत असेल तर कोणतीही पद्धत चालते, नसेल तर चांगली पद्धतही यांत्रिक होते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. प्रशिक्षणाविषयीच्या साक्षीची परीक्षा याच जागी करावी असे आम्हास वाटते. प्रशिक्षण आवडले का, हे विचारून भागत नाही. त्याने या प्रतीतीला स्पर्श केला का, हे पाहावे लागते. मात्र प्रभू यांच्या विवेचनातही शिकणाऱ्यांच्या घरच्या भाषांस फारसे स्थान नाही. प्रतीती हवेत तयार होत नाही. ‘तो चित्र काढला’ हे वाक्य ऐकताच त्यामागील भाषा ऐकू येणे, हाही प्रतीतीचाच भाग आहे, आणि तो शिकविता येतो.

तेव्हा अशा संशोधनाची रीत बदलून पाहावयास हरकत नाही. शिक्षकापुढे प्रश्नावली न ठेवता मुलाच्या वहीचे एक पान ठेवावे आणि येथे तुम्हास काय दिसते असे विचारावे. प्रशिक्षणापूर्वी एकदा, नंतर एकदा, आणि दोन वर्षांनी पुन्हा. उत्तरे मोजण्यास कठीण जातील. प्रबंधाचे तक्तेही कमी होतील. पण शिक्षक काय जाणतो हे त्यातून कळेल, आणि प्रशिक्षणाविषयी त्यास काय वाटते हेही, न विचारता.

शीव कोळीवाड्याच्या परिसरातील एका शाळेत मराठी शिकविणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंजवळ मी असे पान मागितले, तेव्हा त्यांनी चार-पाच वह्याच पुढे केल्या. त्यांत लाल खुणा होत्या आणि काही ठिकाणी निळ्या. लाल खूण चुकीची. निळी खूण घरच्या शब्दाची, जो शाळेत वेगळा लिहितात. ही रीत त्यांची त्यांनीच बसविली होती. सेवेतील इतक्या प्रशिक्षणांत ती त्यांनी कधी सांगितली का, असे विचारता, तसे विचारणारा रकाना कोणत्याही पत्रकात नव्हता, एवढेच त्या म्हणाल्या. एका वहीत ‘पानी’ या शब्दाखाली निळी रेघ होती आणि दुसऱ्या वहीत त्याच शब्दाखाली लाल. ही विसंगती मी दाखविली. त्यांनी वह्यांची मुखपृष्ठे उलटून नावे दाखविली. पहिली वही कोळीवाड्यातील मुलीची होती, दुसरी उत्तर भारतीय मुलाची. मुलाच्या ‘पानी’ला लाल रेघ का, त्याच्याही घरचाच तो शब्द नव्हे काय, असे मी म्हणताच त्या थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग हे आपल्या ध्यानात आले नव्हते, त्या मुलासाठी तिसरा रंग घ्यावा लागेल, असे म्हणून त्यांनी वह्या आवरल्या. पुढच्या तासाची घंटा झाली होती.